पंधरा एप्रिल, एकतीस जुलै आणि बाबांची एफडी

फेब्रुवारी अर्धा सरला की आमच्या हापिसातल्या देशी मंडळींचा जेवणाच्या टेबलावरचा विषय बदलतो. तोपर्यंत क्रिकेट, ग्रीन कार्डची रांग आणि यंदाच्या बर्फाला दिलेल्या शिव्या असं सगळं सुरळीत चालू असतं. मग कुणीतरी विचारतं, "तुझा रिफंड किती येतोय रे?" पुढचे दोन महिने तोच विषय. कुणाला चार हजार डॉलर येणार असतात, कुणाला उलट सरकारला द्यावे लागणार असतात, आणि ज्याला द्यावे लागणार असतात त्याच्याकडे बाकीचे लोक गणितात नापास झालेल्या पोराकडे बघावं तसं बघतात.

गंमत म्हणजे ह्या सगळ्या चर्चेत "रिटर्न भरलंस का?" हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. तो तसा फालतू प्रश्न समजला जातो. टॅक्स तर दर पगारातून कापलाच जातो, मग उरलं काय? एक कागद. आणि कागद काय, भरू की सावकाश.

माझं ह्या बाबतीतलं मत जरा टोकाचं आहे. परदेशात राहणाऱ्या नोकरदार माणसासाठी टॅक्स ही बिनडोक गोष्ट आहे, ती कंपनीचं पेरोल सॉफ्टवेअर करतं. डोकं लागतं ते त्या कागदाला. आणि तो कागद तारखेच्या आत जाणं हे त्यावरचे आकडे शेवटच्या डॉलरपर्यंत बरोबर असण्याइतकंच, कधीकधी तर त्याहून महत्त्वाचं असतं.

आपली गोची कुठे होते ते सांगतो. पुण्यात पहिली नोकरी लागते तेव्हा रिटर्न म्हणजे काय असतं? जूनमध्ये कंपनी फॉर्म १६ देते. तो आपण बाबांच्या ओळखीच्या सीए काकांना पाठवतो. काका पाचशे-हजार रुपये घेतात आणि एक पीडीएफ पाठवतात, जी आपण कधी उघडूनही बघत नाही. एक पगार, एक देश, एक वर्ष. ही सवय घेऊन आपण विमानात बसतो आणि उतरतो तेव्हा देश दोन झालेले असतात, वर्षं दोन झालेली असतात (एक जानेवारीत सुरू होणारं, एक एप्रिलमध्ये) आणि "तू नक्की कुठला?" हा प्रश्न दोन्ही सरकारं स्वतंत्रपणे विचारत असतात. दोघांना आपण दिलेली उत्तरं वेगळी असू शकतात, आणि दोन्ही खरी असू शकतात!

एक उदाहरण घेऊ. समजा एक जण एच-१बी वर ३० सप्टेंबरच्या रात्री मुंबईहून निघाला आणि १ ऑक्टोबरला नेवार्कला उतरला. कॅलेंडर वर्षाचे त्याच्याकडे ९२ दिवस आहेत. अमेरिकेत टॅक्सपुरता 'रहिवासी' ठरायला साधारणपणे १८३ दिवस लागतात, आणि ते मोजायची पद्धत अशी की चालू वर्षाचे सगळे दिवस, आदल्या वर्षाच्या दिवसांचा एक तृतीयांश आणि त्याच्या आदल्या वर्षाच्या दिवसांचा एक षष्ठांश. (ही व्याख्या ज्याने लिहिली तो नक्की आपल्यासारखाच कुणीतरी असणार. शाळेत त्रैराशिक आवडणारा.) तर ९२ दिवसांत गडी त्या वर्षापुरता अनिवासी. त्याने भरायचा फॉर्म १०४०-एनआर, नेहमीचा १०४० नव्हे. घरबसल्या रिटर्न भरायची जी लोकप्रिय सॉफ्टवेअर आहेत त्यातली बरीचशी १०४०-एनआर करतच नाहीत. ती काही विचारत नाहीत, सरळ १०४० भरून देतात. स्टॅंडर्ड डिडक्शन मिळतं, रिफंड मोठा दिसतो, पोरगं खूष. प्रत्यक्षात ते डिडक्शन ह्या माणसाला त्या वर्षी लागूच नसतं. (भारतीय विद्यार्थ्यांना भारत-अमेरिका करारात त्याची खास सवलत आहे. त्यामुळे "माझ्या मित्राने तर घेतलं होतं" हे वाक्य खरंही असतं. तो मित्र एफ-१ वर असतो.)

आता ह्याच माणसाकडे भारताच्या बाजूने बघा. १ एप्रिल ते ३० सप्टेंबर म्हणजे १८३ दिवस. नोकरीसाठी देश सोडणाऱ्या भारतीय नागरिकाला त्या आर्थिक वर्षात १८२ किंवा जास्त दिवस भरले की भारत त्याला निवासी धरतो. म्हणजे ऑक्टोबर ते मार्च ह्या सहा महिन्यांचा डॉलरमधला पगारही भारतातल्या रिटर्नमध्ये दाखवायचा, अमेरिकेत भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट मागायचं आणि इथल्या बॅंकेत नुकतंच उघडलेलं खातंसुद्धा परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात लिहायचं. हाच माणूस २८ सप्टेंबरला निघाला असता तर त्याचे १८१ दिवस झाले असते आणि ह्यातलं काहीच करावं लागलं नसतं. दोन दिवस! एच-१बी वर कामाच्या तारखेच्या दहा दिवस आधीपर्यंत अमेरिकेत शिरता येतं, म्हणजे ते शक्यही होतं. पण आपण तिकीट काढताना बघतो काय, तर बॅग किती किलो नेता येते ते.

तर मुद्दा असा की रिटर्न हा हिशोबाचा कागद असण्याआधी "मी कोण" हे लिहून देण्याचा कागद आहे. आणि ते लिहून द्यायला वेळ लागतो. एका संध्याकाळी बसून १४ एप्रिलला ते होत नाही.

बरं, नाहीच झालं वेळेवर तर? इथे एक गैरसमज इतका पसरलेला आहे की मला तो रोज कुणाच्यातरी तोंडून ऐकायला मिळतो. "एक्स्टेन्शन मिळतं की ऑक्टोबरपर्यंत." मिळतं. फॉर्म ४८६८ भरला की १५ ऑक्टोबरपर्यंत मुदत, कारण विचारत नाहीत. पण ही मुदत कागद भरायची आहे, पैसे भरायची नाही. पैसे १५ एप्रिललाच द्यायचे, अंदाजाने का होईना. आणि ज्यांना हे माहीत असतं ते नेमकी उलटी चूक करतात. द्यायला पैसे नाहीत म्हणून कागदच भरत नाहीत. जणू काही कागद पाठवला नाही तर सरकारला कळणारच नाही!

दंडाचा हिशोब बघा म्हणजे लक्षात येईल. रिटर्न न भरल्याचा दंड देय रकमेच्या ५ टक्के दर महिन्याला, जास्तीत जास्त २५ टक्के. रिटर्न भरलं पण पैसे दिले नाहीत, तर दंड अर्धा टक्का दर महिन्याला. दहापट फरक आहे. समजा २,००० डॉलर देणं आहे आणि माणूस चार महिने गप्प बसला, तर निदान ४०० डॉलर दंड. तोच कागद वेळेवर पाठवून "पैसे नंतर देतो" म्हणाला असता तर ४०. व्याज दोन्हीकडे वेगळं. म्हणजे खिशात दमडी नसली तरी कागद पाठवायचा, किंबहुना दमडी नसेल तेव्हा तर नक्कीच पाठवायचा. अमेरिकन सरकार उधारीला तितकं चिडत नाही जितकं ते मौनाला चिडतं.

एक्स्टेन्शन वाईट आहे असं मी म्हणत नाहीये. वर जो ऑक्टोबरमध्ये आलेला माणूस सांगितला त्याचं लग्न झालेलं असेल आणि त्याला बायकोसोबत जॉइंट रिटर्न भरायचं असेल, तर त्यासाठी एक वाट आहे. पण तो पुढच्या वर्षी १८३ चा हिशोब पूर्ण करेपर्यंत त्या वाटेने जाता येत नाही. ९२ चा तिसरा हिस्सा साधारण ३१, उरले १५३ दिवस, म्हणजे सुट्टीवर कुठे गेला नाही तर उजाडला २ जून. त्याने एक्स्टेन्शन घेणं हाच शहाणपणा. मग बायको एच-४ वर असेल तर तिच्याकडे सोशल सिक्युरिटी नंबर नसतो, तिच्यासाठी आयटीआयएनचा अर्ज रिटर्नसोबतच जोडायचा, पासपोर्टची प्रमाणित प्रत मिळवायची... थोडक्यात, ठरवून घेतलेली मुदत वेगळी आणि एप्रिल अंगावर आला म्हणून घेतलेली मुदत वेगळी.

आता उशीर का होतो ह्याचं खरं कारण. आळस हे कारण मला पटत नाही. हीच मंडळी रात्री दोनला प्रॉडक्शनचा इश्यू सोडवतात. उशीर होतो कारण अमेरिकेच्या रिटर्नला भारतातली माहिती लागते आणि ती वेळेवर कधीच मिळत नाही. रहिवासी झालात की अमेरिकेला जगभरचं उत्पन्न सांगावं लागतं. एनआरई एफडीचं व्याज भारतात करमुक्त आहे, इथे नाही. म्हणून बॅंकेकडे व्याजाचं सर्टिफिकेट मागावं तर बॅंक देते एप्रिल ते मार्चचं. आपल्याला हवं जानेवारी ते डिसेंबरचं. मग स्टेटमेंट उतरवून घ्या, तिमाहीचं व्याज हाताने वेगळं काढा, दर बघून डॉलर करा. एप्रिल-मार्चचं हे वर्ष इंग्रजांनी १८६७ साली आपल्या गळ्यात बांधलं आणि ते अजून तसंच आहे. १ एप्रिल २०२६ पासून भारतात नवा आयकर कायदा लागू झाला, असेसमेंट इयर वगैरे जाऊन नुसतं 'टॅक्स इयर' आलं, पण वर्ष एप्रिललाच सुरू होतं. त्यामुळे आपल्यासारख्यांचा हा उद्योग चालूच राहणार.

आणि म्युच्युअल फंड! पहिल्या नोकरीत असताना सुरू केलेली दोन-दोन हजारांची एसआयपी आपण विसरूनही गेलेलो असतो. अमेरिकेच्या कायद्याला ते फंड म्हणजे परदेशी गुंतवणूक कंपन्या वाटतात आणि त्यांच्यासाठी फॉर्म ८६२१ नावाचं प्रकरण आहे, दर फंडाला वेगळं. छोट्या रकमांना काही सवलत आहे, पण सवलत आहे की नाही हे ठरवायलाही ते फंड आधी आठवायला तर हवेत. डोक्याला शॉट आहे नुसता. इकडे यायचं नक्की झालं की निघण्याआधी ह्यांचा काहीतरी निकाल लावून यावं, एवढंच म्हणतो.

पण हे सगळं परवडलं. खरा अवघड फोन पुढेच आहे.

आपल्याकडे मुलगा किंवा मुलगी अठरा वर्षांची झाली की बाबा बॅंकेत घेऊन जातात आणि आपल्या खात्यावर त्यांचं नाव चढवतात. आयदर ऑर सर्व्हायव्हर. त्यात काही गुंतवणुकीचा विचार नसतो. उद्या मला काही झालं तर तुम्हाला बॅंकेच्या पायऱ्या झिजवायला लागू नयेत, इतकी साधी भावना असते. निवृत्तीनंतर ग्रॅच्युइटी आणि प्रॉव्हिडंट फंडाचे पैसे येतात, त्यांच्या एफडी होतात, त्यांवरही नाव. आपण सह्या केलेल्या असतात आणि विसरलेलो असतो.

अमेरिकेचा १९७० सालचा एक कायदा आहे, बॅंक सिक्रसी ॲक्ट. त्याखाली तुमचं नाव किंवा सहीचा अधिकार असलेल्या सगळ्या परदेशी खात्यांची बेरीज वर्षात एकदा जरी १०,००० डॉलरच्या वर गेली, तर प्रत्येक खात्याची माहिती द्यावी लागते. ह्याला एफबार म्हणतात. आजच्या दराने साधारण नऊ लाख रुपये. ही मर्यादा कित्येक वर्षं बदललेली नाही. पुण्यातल्या कुठल्याही निवृत्त माणसाची एक बरी एफडी ती ओलांडते. जॉइंट खात्यात तुमचा वाटा किती, असंही विचारत नाहीत, पूर्ण रक्कम लिहायची. टॅक्स एक पैसा नाही. फी नाही. अर्धा तास लागतो, ऑनलाइन होतं. (पूर्वी कागदी फॉर्म डेट्रॉइटला पाठवायला लागायचा आणि त्याची तारीख ३० जून असायची. २०१६ च्या वर्षापासून ती १५ एप्रिल झाली, आणि नाही जमलं तर आपोआप १५ ऑक्टोबर.) पण न भरल्याचा दंड, तोही मुद्दाम लपवलेलं नसताना, एका वर्षाच्या रिपोर्टमागे १०,००० डॉलरपर्यंत जाऊ शकतो, आणि महागाईप्रमाणे तो आकडा आता आणखी वर गेलाय.

२०२३ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात बिटनर नावाच्या माणसाचा खटला गाजला. रुमानियात जन्मलेला अमेरिकन नागरिक, मायदेशी परत जाऊन धंदा केला, एफबार नावाचं काही असतं हेच माहीत नव्हतं. पाच वर्षांचे रिपोर्ट राहिले. सरकारने पाच वर्षांतली खाती मोजली, ती भरली २७२, आणि प्रत्येकी दहा हजार लावून २७ लाख २० हजार डॉलरचा दंड ठोकला. कोर्टाने पाच विरुद्ध चार अशा मतांनी सांगितलं की दंड खात्यामागे नाही, रिपोर्टमागे. म्हणजे पन्नास हजार. हा निकाल आपल्या लोकांनी फ्रेम करून लावायला हवा, कारण आपल्या आईबाबांना एकेक लाखाच्या दहा एफडी करायची सवय असते!

तर तो फोन. मी तो दर जानेवारीत करतो आणि दर जानेवारीत तो साधारण असाच होतो.

"बाबा, गेल्या वर्षी त्या जॉइंट खात्यात जास्तीत जास्त किती रक्कम होती?"

"का रे? पैसे हवेत का तुला?"

"नाही हो. इथल्या सरकारला कळवायचं असतं."

"अमेरिकेच्या सरकारला? माझ्या पेन्शनचं? त्यांचा काय संबंध?"

आणि खरं सांगायचं तर त्यांचं बरोबर आहे. बत्तीस वर्षं नोकरी केली, एक दिवस टॅक्स चुकवला नाही, त्या माणसाच्या पासबुकातला आकडा वॉशिंग्टनला का कळवायचा? कायद्याला स्विस बॅंकेत पैसे दडवणारे धनाढ्य लोक पकडायचे होते आणि जाळ्यात आला माझा बाप. हा कायदा मला अन्यायाचा वाटतो आणि वाटत राहील. पण ह्यावर आमच्या इथल्या बऱ्याच जणांनी जो उपाय काढलाय तो मला त्याहून जास्त खटकतो. एक तर गप्प बसायचं. रिटर्नच्या शेड्यूल बी मध्ये सरळ प्रश्न असतो, परदेशात खातं आहे का, हो की नाही. तिथे 'नाही'वर खूण करायची. आता विसरणं आणि खोटं लिहून सही करणं ह्यात कायदा फार मोठा फरक करतो. मुद्दाम लपवल्याचा दंड खात्यातल्या रकमेच्या निम्म्यापर्यंत जातो. ती रक्कम कुणाची? बाबांची.

दुसरा उपाय म्हणजे घाईघाईने सगळ्या खात्यांवरून नाव काढून टाकणं. माझ्या एका मित्राने केलं. फॉर्म पाठवला, वडिलांनी बॅंकेत जाऊन सह्या केल्या. मग सहा महिन्यांनी वडील आजारी पडले, आईला एटीएमच्या पलीकडे काही येत नाही, आणि हा इथून बॅंकेच्या कॉल सेंटरला विनवण्या करतोय. वर्षातून अर्ध्या तासाचं काम वाचवायला केलेला हा उद्योग. नाव कशाला ठेवलं होतं, तर ह्याच दिवसासाठी ना? माझं म्हणणं असं की रोजच्या बचत खात्यावर नाव राहू द्यावं. नवीन एफडी करताना हवं तर फक्त नॉमिनी व्हावं, कारण नुसत्या नॉमिनीला एफबार लागत नाही. आणि जे आहे ते कळवावं. पैसे बाबांचे, व्याज त्यांचं, त्यावर टॅक्सही तेच भरतात, माझ्या १०४० वर त्यातलं काही येत नाही. फक्त कळवायचं.

आता भारताची बाजू, आणि इथे मला आपल्याच लोकांचा जास्त राग येतो. "मी इथे टॅक्स भरतो, तिकडे माझं काय उत्पन्न?" काय उत्पन्न? एनआरओ खात्यातलं व्याज, हिंजवडीच्या फ्लॅटचं भाडं, विकलेले शेअर. एनआरओच्या व्याजावर बॅंक पहिल्या रुपयापासून ३० टक्के आणि वर सेस, म्हणजे ३१.२ टक्के टीडीएस कापते. अमेरिकेशी असलेल्या करारात व्याजावर साधारणपणे १५ टक्केच आहे, पण त्यासाठी इथल्या रहिवासाचं सर्टिफिकेट बॅंकेला द्यावं लागतं. ते आयआरएसकडून मिळवायला ८५ डॉलर आणि बरेच आठवडे जातात, म्हणून कुणी ते करत नाही. ठीक आहे, नका करू. पण मग जास्त कापलेला टॅक्स परत मागायचा एकच रस्ता उरतो, तो म्हणजे भारतातलं रिटर्न. तेही भरत नाहीत. म्हणजे अमेरिकेच्या रिफंडमधल्या चाळीस डॉलरसाठी दोन शनिवार घालवणारा माणूस भारत सरकारला पस्तीस-चाळीस हजार रुपये दान करून मोकळा होतो. आणि ज्यांनी शेअर तोट्यात विकलेत त्यांनी तर ऐकाच. वेळेत रिटर्न भरलं नाही तर तो तोटा पुढच्या वर्षांत ओढता येत नाही. ५,००० रुपयांची लेट फी त्यापुढे काहीच नाही.

ह्यात भर म्हणजे मुदतवाढीची आशा. कोविडच्या काळात तारखा पुढे गेल्या, तेव्हापासून दर जुलैत लोक वाट बघत बसतात. २०२२, २०२३, २०२४ अशी तीन वर्षं ३१ जुलै म्हणजे ३१ जुलैच राहिला. २०२५ साली तो आधी १५ सप्टेंबर झाला आणि मग त्या रात्री आणखी एक दिवस मिळाला, पोर्टलवर झुंबड उडाली म्हणून. एवढ्यावर लोक पुढच्या सगळ्या वर्षांचा भरवसा ठेवतात. क्रिकेटमध्ये सुद्धा आपण पाऊस पडेल म्हणून सामना वाचेल असं धरून चालत नाही.

आणि एक अगदी बारकी गोष्ट, पण रिटर्नं अडकतात ती इथे. पोर्टलवरचा मोबाइल नंबर आणि ईमेल कुणाचा आहे ते एकदा बघा. निम्म्या लोकांचा सीए काकांचा असतो, उरलेल्यांचा दहा वर्षांपूर्वी बंद पडलेला. रिटर्न भरल्यावर ३० दिवसांत ते ई-व्हेरिफाय करावं लागतं, नाहीतर ते वेळेत भरलं असं धरत नाहीत. ओटीपी जातो आधारला जोडलेल्या भारतातल्या नंबरवर. त्या नंबरचं सिमकार्ड असतं नागपूरच्या घरातल्या ड्रॉवरमध्ये. मग आईला रात्री अकराला उठवून "आई, मेसेज आला का बघ ना" असं चालतं. नेटबॅंकिंगने व्हेरिफाय करता येतं, ते जानेवारीतच चालू करून ठेवलं तर आई झोपेल तरी.

"पण इतक्या लहान माशांच्या मागे कोण लागतं?" हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. एक तर २०१५ साली भारत आणि अमेरिका ह्यांनी करार केलाय, दोन्हीकडच्या बॅंका एकमेकांच्या करदात्यांची माहिती कळवतात. केवायसी करताना बॅंक तुम्ही कुठल्या देशाचे टॅक्स रहिवासी असं विचारते ना, ते त्यासाठीच. पण मला त्या भीतीपेक्षा दुसरं कारण मोठं वाटतं. आपण इथे व्हिसावर आहोत. आपल्या आयुष्यातली प्रत्येक पुढची पायरी कागदावर आहे. घराचं कर्ज काढा, टॅक्सची रिटर्नं मागतात. जवळच्या माणसासाठी ग्रीन कार्डची हमी द्या, सगळ्यात अलीकडचं रिटर्न जोडावं लागतं. नागरिकत्वाच्या अर्जात तर टॅक्स थकलाय का हेही विचारतात आणि कधी रिटर्नमध्ये स्वतःला अनिवासी म्हटलं होतं का हेही. आणि हे सगळं मागतात ते नेमकं वाईट वेळी. नोकरी गेली की एच-१बी वाल्याच्या हातात ६० दिवस असतात. त्या ६० दिवसांत नवी नोकरी शोधायची, नाहीतर गाशा गुंडाळायचा. तेव्हा जुन्या पत्त्यावर गेलेला डब्ल्यू-२ कुठे आहे हे शोधत बसायला कुणाला वेळ असतो? गेल्या काही वर्षांतल्या ले-ऑफमध्ये मी लोकांना हे करताना पाहिलंय. जो माणूस दर वर्षी वेळेवर भरून फोल्डर बंद करत होता तो निदान त्या एका काळजीतून मोकळा होता.

जाता जाता त्या 'रिफंड वाढवून देणाऱ्या' मंडळींबद्दल. दर गावात एक तरी असतो, देवळाच्या सूचना फलकावर त्याचा फोन नंबर असतो, आणि तो रिफंडच्या टक्क्यांत फी घेतो. घरभाड्याचा खर्च, न दिलेली देणगी, काय वाट्टेल ते टाकून आकडा फुगवतो. पैसे घेऊन रिटर्न बनवणाऱ्याने त्यावर स्वतःचा नंबर लिहून सही करायची असा नियम आहे. हा करत नाही. तिथेच उठावं आणि निघावं. खाली सही तुमची असते, नोटीस तुम्हाला येते, आणि तेव्हा तो फोन उचलत नाही.

माझं स्वतःचं काम जानेवारीच्या दुसऱ्या-तिसऱ्या रविवारी सुरू होतं. एक स्प्रेडशीट आहे, त्यात खात्यांची नावं, वर्षातली सर्वात मोठी शिल्लक आणि जानेवारी ते डिसेंबरचं व्याज. बाबांना फोन, म्युच्युअल फंडाचं एकत्रित स्टेटमेंट, पासपोर्टवरच्या शिक्क्यांवरून दिवसांची मोजणी. फेब्रुवारीत डब्ल्यू-२ हातात येतो तेव्हा भारताची बाजू झालेली असते. मार्चमध्ये बटण दाबायचं. द्यायचे निघाले तर १५ एप्रिलला खात्यातून जातील अशी तारीख टाकायची, आधी कशाला द्या. जून-जुलैत भारतातलं.

एवढं करूनही न्यू जर्सीत राहून न्यूयॉर्कला कामाला जाणाऱ्याला दोन राज्यांची दोन वेगळी रिटर्नं भरावी लागतात, आणि त्यातलं क्रेडिट कुठल्या राज्याने द्यायचं, घरून काम केलेल्या दिवसांवर न्यूयॉर्क का हक्क सांगतं, हे मला मागच्या वर्षी एका मित्राला समजावून सांगताना दोन कॉफ्या लागल्या. ते पुन्हा कधीतरी.